नोव्हेंबरमधली मी खरी की जूनमधली?

एका वाचिकेचं पत्र थोडक्यात असं: वय ३४. माहेर सांगली, सासर सातारा, आणि गेली पाच वर्षं नवरा आणि सहा वर्षांच्या मुलाबरोबर स्वीडनमधे गोथेनबर्गला. नवरा गाड्यांच्या कंपनीत, ही घरून आयटीचं काम करते. ती लिहिते, ऑक्टोबर संपताना घड्याळं तासभर मागं गेली की मी दुसरीच बाई होते, सकाळी उठवत नाही, दिवसभर भात आणि गोड खावंसं वाटतं, मैत्रिणींचे फोन उचलत नाही, कारण नसताना रडू येतं. मार्चमधे हळूहळू माणसात येते आणि जूनमधे तर मीच नवऱ्याला म्हणते की आपण इथंच राहू. आता तिथं फ्लॅट घ्यायचं चाललंय, जानेवारीत ठरवायचंय, आणि तिला सगळं गुंडाळून सांगलीला परत यायचंय. नवरा म्हणतो, जूनमधे काय म्हणाली होतीस ते आठव. आई फोनवर म्हणते, थंडीच तर आहे, स्वेटर घाल. भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे, तो ऑक्टोबरात छाटणीचे फोटो टाकतो आणि त्यातलं ऊन बघून हिच्या पोटात कालवतं. दरवर्षी डिसेंबरात तीन आठवडे सगळे सांगलीला येतात. तिचे प्रश्न दोन. हे माझं नाटक आहे का, आणि नसेल तर कुठल्या महिन्यातल्या ‘मी’चं ऐकायचं? आणि दुसरा, आईला तिकडं बोलवायचं तर डिसेंबरात की जूनमधे?

अगं, नाटकाचा विषय आधी मिटवून टाकू. नाटक करणारं माणूस बघणारा कुणीतरी असला की करतं, तू तर फोनच उचलत नाहीस, दार लावून एकटी रडतेस, हे कुणाला दाखवायला?

तुझ्या आईला मी दोष देणार नाही. ती सांगलीत बसून थंडीचाच विचार करणार, तिला दुसरं काय माहीत असणार. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात थंडीबद्दल तक्रारच सापडली नाही बघ. कुठंही लिहिलं नाहीस की हात गारठतात किंवा नाक वाहतं. सगळी तक्रार अंधाराची आहे. आणि ती नुसती मनाची नाही, घड्याळात मोजता येते. सांगलीत वर्षातला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि सगळ्यात मोठा १३ तासांच्या जरा वर, म्हणजे वर्षभरात फरक पडतो तो दोन तासांचा, आपल्याला तो कळतही नाही, फक्त संध्याकाळी देवापुढं दिवा लावायची वेळ थोडी मागंपुढं होते. तुझ्याकडं २१-२२ डिसेंबरला सूर्य नवाच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो, सगळा मिळून साडेसहा तास, आणि तोही दिसला तर, कारण तुमचं गाव समुद्राकाठचं, ढग, वारा आणि पाऊस. जूनमधे तोच दिवस १८ तासांचा. तीस वर्षं दोन तासांच्या फरकावर वाढलेल्या शरीराला तू एकदम साडेअकरा तासांच्या फरकात नेऊन ठेवलंयस. ते कुरकुरणारच की.

आणि यावर अभ्यास झालाय. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या आणि ऋतू बदलला की जाणाऱ्या या उदासीचं रीतसर वर्णन छापलं. गंमत म्हणजे हे रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेचे, म्हणजे उन्हातलेच, आणि न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलं काहीतरी बिनसतंय हे त्यांना आधी स्वतःवरूनच जाणवलेलं. जास्त झोप, गोड आणि पिठूळ खायची ओढ, माणसं नकोशी होणं, हे सगळं त्या वर्णनात आहे, तुझ्या पत्रातही आहे. तुला तेच झालंय असं मी इथं बसून म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या तिथल्या दवाखान्यात जाऊन हे एवढंच सांगायला काय हरकत आहे? तुमच्याकडं ११७७ नंबरला फोन करून विचारता येतं, पाच वर्षं राहिलीस म्हणजे मुलाच्या तापासाठी केलाच असशील, एकदा स्वतःसाठी कर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व बघून घे, कारण थकवा यातल्या कशानंही येतो आणि शाकाहारी असशील तर बी-१२ चं तर नक्कीच बघ. तुमच्याकडं हिवाळ्यात सूर्य इतका खालून जातो की कातडीला डी जीवनसत्त्व जवळपास बनवताच येत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातसुद्धा गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं. आणि हे वाचणाऱ्या कुणालाही नुसतं उदास नाही तर जगणंच नकोसं वाटत असेल तर ऋतू बदलायची वाट बघू नका, तिकडं तातडीचा ११२ आहे, इकडं टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ आहे, त्याच दिवशी फोन करा.

आता तुझ्या पत्रात तू एक गोष्ट गृहीत धरलीयस, ती मला जरा उलटी करून बघायचीय. तू म्हणतेस नवऱ्याला काहीच होत नाही, म्हणजे मीच कमकुवत. पण त्याचा दिवस बघ. तो अंधारात का होईना पण घराबाहेर पडतो, ट्राममधे माणसं असतात, ऑफिसात लख्ख उजेड, दुपारी चार जणांबरोबर जेवण. तू मुलाला शाळेत सोडतेस आणि बेडरूममधल्या टेबलावर लॅपटॉप उघडतेस, आणि उठतेस तेव्हा बाहेर काळोख झालेला असतो. त्या सहा तासांतला एकही तास तुझ्या अंगावर पडत नाही. नवऱ्याला चार महिने त्या टेबलावर बसव आणि मग बघू कोण कमकुवत ते. (त्याला हे वाचून दाखव, माझं नाव सांग.)

दुसरं गृहीत जास्त खोल आहे. तू नोव्हेंबरच्या गोथेनबर्गची तुलना कुठल्या सांगलीशी करतेस? पाच वर्षं तू फक्त डिसेंबरात आलीयस. म्हणजे तिथला सगळ्यात अंधारा महिना सोडून इथल्या सगळ्यात गोड महिन्यात. सकाळी गार हवा, नऊनंतर कोवळं ऊन, गणपतीच्या देवळात जाऊन यायचं, संध्याकाळी भडंग, सगळे नातेवाईक रजा काढून तुझ्यासाठी मोकळे. असली सांगली आम्हाला तरी कुठं बारा महिने मिळते गं. पाच वर्षांत तू इथला मे बघितलेला नाहीस, दुपारी बाराला रस्ता ओस पडतो, रात्री अकराला भिंत हाताला गरम लागते. आणि ऑगस्ट? २०१९ आठवतंय ना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ ला परत. आता जुलै संपत आला आणि कोयनेतून विसर्ग वाढला अशी बातमी आली की निम्मी सांगली फोनवर फुटांचे आकडे बघत बसते, किराणा माळ्यावर चढतो, गाड्या उंचावरच्या पाहुण्यांकडं जातात. हाही ऋतूच आहे, आणि तो तुझ्या आठवणीतून गळलाय.

भावाच्या फोटोचंच घे. त्या फोटोत ऊन आहे हे खरं. पण ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने द्राक्षवाला माणूस कसा जगतो ते त्याला विचार एकदा. घड पोंग्यात, म्हणजे कोवळ्या कोंबात असताना किंवा फुलोऱ्यात असताना रात्री दोनला पावसाचा आवाज आला की तो उठून बसतो, कारण पानं ओली राहिली की डावणी ही बुरशी आलीच, मग पहाटे ट्रॅक्टर काढून फवारणी, चिखलात चाक रुतलं तर तेही, परत ढग आले की परत फवारणी, आणि औषधाचा खर्च वहीत लिहायचीसुद्धा भीती वाटते. फेब्रुवारी-मार्चमधे बेदाणा शेडवर असताना आभाळ आलं की पुन्हा तेच. तो हे फोटोत टाकत नाही, कोण टाकेल? तू तरी इन्स्टावर साडेतीनचा अंधार टाकतेस का, तू टाकतेस जूनमधलं बेटांवरचं पाणी आणि मुलाच्या हातातल्या ब्लूबेऱ्या. तुझे फोटो बघून इथं कुणाच्या तरी पोटात कालवत असणार, हे लिहून ठेव.

म्हणून कुठल्या महिन्यातल्या तुझं ऐकायचं याचं माझं उत्तर असं की दोघींचं ऐक पण सही दोघींनाही करू देऊ नकोस. जूनमधली तू खोटी नाहीस. पत्रात तू उन्हाळ्याबद्दल एकच ओळ लिहिलीयस आणि तीही चोरी पकडल्यासारखी, की रात्री दहाला उजेडात पोहून आलो आणि मला फार छान वाटलं. अगं मग लिही की छान वाटलं म्हणून! हिवाळ्यात रडायचा हक्क मिळवायला उन्हाळ्यातली मजा नाकारायची गरज नाही. एप्रिलमधे झाडांना पालवी फुटायच्या आधी जमिनीतून निळी-पांढरी फुलं वर येतात आणि अख्खं गाव बाकावर उन्हाकडं तोंड करून डोळे मिटून बसतं, ते तुलाही आवडतं. जंगलात कुणाच्याही परवानगीशिवाय बेऱ्या आणि अळंबी गोळा करता येतात हे आपल्याकडच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल, इथं दुसऱ्याच्या बांधावरचं बोर तोडलं तरी भांडण. पण नवरा जूनमधलं वाक्य नोव्हेंबरात पुरावा म्हणून वापरतो ते मात्र चुकीचं आहे, आणि तू नोव्हेंबरातलं रडणं पाच वर्षांच्या आयुष्यावर शिक्का म्हणून वापरतेस तेही तितकंच.

तर फ्लॅटचं जानेवारीत काहीही ठरवू नका. हो पण नको आणि नाही पण नको. बँकेचं कर्जाचं पत्र मुदत संपली तर परत मिळतं, आणि एखादा फ्लॅट गेला तर दुसरा येतो. एप्रिलच्या शेवटी किंवा सप्टेंबरमधे बसा, तेव्हा दिवस-रात्र तुमच्याकडं त्यातल्या त्यात माणसासारखे असतात. तोपर्यंत एक साधी वही कर, मोबाइलवर पण चालेल, रोज एक ओळ, किती वाजता उठले, बाहेर गेले का, कसं वाटलं. वर्षभराचं हातात आलं की कळेल वाईट महिने खरंच किती आहेत, दोन की पाच, कारण दोन महिन्यांसाठी देश बदलायचा का आणि पाच महिन्यांसाठी बदलायचा का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घ्यायचं ठरलंच तर दक्षिणेकडं मोठी खिडकी आणि चालत जाता येईल अशा अंतरावर ओळखीची दोन घरं, या दोन गोष्टी चटई क्षेत्रफळाच्या आधी बघ.

परत यायचं ठरवायच्या आधी मात्र एकदा डिसेंबर सोडून ये. जुलैत मुलाला सुट्टी असते, तुमचं निम्मं गाव तेव्हा रजेवर गेलेलं असतं आणि बाहेरून आलेल्या लोकांना तो महिना उलटा एकटा जातो, तेव्हा ये, साताऱ्याला सासूबाईंकडं राहा, महाबळेश्वर, जावळीच्या बाजूला जाऊन बघ, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, चपलेला बुरशी. आणि त्याच जिल्ह्यात माण-म्हसवडला त्याच दिवशी लोक पावसासाठी आभाळाकडं बघत बसलेले असतात. ही सहल म्हणून मजेचीच आहे, पण मुद्दा असा की परत यायचं तर या सगळ्यासकट यायचं. आणि बघूनही यावंसं वाटलं तर खुशाल ये, तेव्हा तो निर्णय पळून येण्याचा नसेल.

आता तोपर्यंत येणारा हिवाळा कसा काढायचा. इथं मला तुझ्या माहेरचीच पद्धत आठवते. आपल्याकडं पावसाळा आला म्हणून कुणी दचकतं का? एप्रिल-मेमधेच वर्षाची चटणी डंकावर कुटून येते, कुरडया-पापड वाळतात, जळण आत जातं, कौलं चाळून घेतात, महाबळेश्वरकडं तर भिंतींना वाळलेल्या गवताचं आवरण बांधायची पद्धत होती, आता प्लास्टिकचे कागद आले. एवढी बेगमी करणाऱ्या बाईला कुणी कमकुवत म्हणत नाही, उलट न करणारीला नावं ठेवतात. तू पाच हिवाळे बेगमीशिवाय काढलेस. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ मागं गेलं की तुला धक्का बसतो, दरवर्षी, जसं काही कॅलेंडरमधे छापलेलंच नव्हतं.

तर बेगमी सप्टेंबरात. डॉक्टरची वेळ तेव्हाच घे, नोव्हेंबरात तुझ्याच्यानं फोन होणार नाही. उजेडाचा दिवा मिळतो, १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास समोर ठेवून चहा प्यायचा, पेपर वाचायचा, त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही. संध्याकाळी लावलास तर झोप उडेल. डोळ्याचं काही दुखणं असेल किंवा घरात कुणाला मन फार चढण्या-उतरण्याचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नकोस. दुपारी बारा-साडेबाराला बाहेर अर्धा तास, पाऊस असला तरी, कारण ढगाळ आभाळाखालचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. ऑफिस घरून चालतंय म्हणून घरूनच करायला पाहिजे असं कुठं आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून तीन दिवस जा. आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आत्ताच कुणाला तरी शब्द देऊन बांधून टाक, पोहायला, गाण्याला, मराठी बायकांच्या ग्रुपला, काहीही, फक्त न गेल्यास कुणीतरी विचारणारं पाहिजे.

दिवाळीचा आकाशकंदील खिडकीत लाव आणि तो काढूच नकोस. तुमच्याकडं डिसेंबर लागायच्या सुमाराला घरोघरी खिडकीत कागदाच्या चांदण्या आणि दिव्यांच्या कमानी लागतात, तुझा कंदील महिनाभर आधी लागेल इतकंच, शेजारची बाई विचारायला आली तर तेवढीच ओळख. १३ डिसेंबरला लुसियाच्या सणाला मुलं डोक्यावर, हातात दिवे घेऊन गातात, तुझा मुलगाही त्यात असायला हवा, पण तुम्ही दरवर्षी त्याच सुमाराला बॅगा भरत असता किंवा विमानात असता. माझ्या मते तुझी रजाच चुकीच्या जागी पडतेय. डिसेंबर त्या लोकांनी दिव्यांनी, सुट्ट्यांनी निभावून न्यायचा महिना करून ठेवलाय. अवघड असतो तो जानेवारी, दिवे उतरतात, ख्रिसमसची झाडं बाहेर टाकतात आणि अंधार तसाच. तू नेमकी तेव्हा सांगलीचं ऊन मागं टाकून परत उतरतेस, मग काय होणार. फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी असते, तिला जोडून बघ, जास्तीच्या दिवसांना शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी लागेल तेवढं आधी विचार, ते लोक याबाबतीत कडक असतात. तिकिटं ख्रिसमसपेक्षा स्वस्त पडतील, द्राक्षं तयार असतील, आणि परत जाशील तेव्हा तिथं पाचपर्यंत उजेड असेल.

नवऱ्याशी बोलणं मे-जूनमधे कर, रडत नसताना. ‘मला इथं राहायचं नाही’ असं सुरू केलंस की तो फ्लॅटचे कागद काढणार. ‘पुढचा नोव्हेंबर मी असा काढणार नाही, त्यासाठी तू काय करणार’ असं विचार. सकाळी मुलाला सोडायचं काम चार महिने त्यानं घ्यायचं आणि तू तो वेळ दिव्यासमोर बसायचं, असलं काहीतरी ठोस माग. तुम्हा दोघांच्या हिशोबात तिसरी वाट आलेलीच नाही, की हिवाळ्यातले काही आठवडे सांगलीतून काम करता येईल का. काही कंपन्या देतात, पण टॅक्स आणि इन्शुरन्सचे नियम असतात, विचारल्याशिवाय लॅपटॉप घेऊन येऊ नकोस.

आईला स्वेटरवरून काही बोलू नकोस. एक दिवस साडेतीनला व्हिडिओ कॉल लाव आणि कॅमेरा खिडकीकडं फिरव. इथं तेव्हा रात्रीचे आठ असतात, सांगलीतही अंधारच. ‘आई, इथं आत्ता दुपार आहे, अजून ऑफिस सुटायचंय’ एवढंच सांग. एका मिनिटात कळेल तिला.

आणि तिला बोलव जूनमधेच. तुझा हिवाळा तिला कळावा म्हणून डिसेंबरात न्यायचा मोह होईल, पण म्हाताऱ्या माणसाला घसरड्या रस्त्यावर नेऊन काय शिकवायचंय. दमा किंवा ॲलर्जी असेल तर एप्रिलचा शेवट आणि मे टाळ, तेव्हा बर्च झाडाचा पराग उडतो आणि धडधाकट माणसं शिंकून बेजार होतात. शेंगेनचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच राहायला देतो, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट तीन महिन्यांच्या घेऊन येऊ देत. खोलीला काळे जाड पडदे लाव नाहीतर पहाटे चारला उजाडलेलं बघून ती उठून आंघोळ करून बसेल आणि तुम्हालाही उठवेल. १८ तासांचं ऊन बघून ती पहिल्या आठवड्यात कुरडया घालायचं काढणार हेही धरून चाल. घालू दे, पण गॅलरीत साडी पसरायच्या आधी सोसायटीला विचारून घ्या, आणि कॅलेंडरवर विश्वास ठेवू नका, त्या गावात जूनमधेही पाऊस येतो.